ढाळ

आमच्या नागपूरच्या घराची गच्ची १९७४ साली बांधून झाली, तेव्हा गवंड्याचा हिशेब चुकता करण्याआधी बाबा तांब्याभर पाणी घेऊन वर गेले आणि दक्षिणेकडच्या कोपऱ्यात त्यांनी ते सावकाश ओतले. पाणी क्षणभर घुटमळले, मग तिरक्या रेघेत सरकत सरकत उत्तरेच्या कठड्यातल्या पन्हळीपर्यंत गेले आणि खाली अंगणात पडले. बाबांनी चारही कोपऱ्यांत हेच केले. ईशान्येला एके ठिकाणी ओंजळभर पाणी जागच्या जागी थांबले, तेव्हा त्यांनी गवंड्याला एवढेच सांगितले, "इथे अजून दोन सूत ढाळ पाहिजे." गवंडी कुरकुरला, पण दुसऱ्या दिवशी त्याने तेवढा कोबा उकरून पुन्हा घातला. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो आणि तांब्या भरून आणून देणे एवढेच माझे काम होते.

पुढे स्थापत्याचे शिक्षण घेताना त्या तांब्यामागची गणिते शिकलो, पण ढाळ ही गोष्ट नागपूरच्या माणसाला मुळात शिकावी लागत नाही. ती त्याला जन्मतःच मिळालेली असते. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. पश्चिमेकडच्या लाव्याच्या टेकड्यांकडून निघालेली नाग नदी आंबाझरीच्या तलावातून पुढे होत शहर ओलांडते, कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा प्राणहितेतून गोदावरीला, आणि आमच्या अंगणात पडलेले पावसाचे पाणी कोणी हात न लावता बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. महाविद्यालयात असताना पावसाळ्यात आंबाझरी ओसंडली की आम्ही तास बुडवून 'ओव्हरफ्लो' बघायला जात असू. सांडव्यावरून पाणी खाली पडताना बघणे ही आमची करमणूक होती. ते पाणी पुढे कुठे जाणार, हा प्रश्न कोणाला पडत नसे.

तो प्रश्न मला १९८६ साली मुंबईत पडला. पंप, झडपा आणि दरवाजे यांच्या दुरुस्तीची कंत्राटे घेणाऱ्या एका खासगी कंपनीत मी रुजू झालो, तेव्हा पहिल्या दिवशी माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर कामाच्या वेळापत्रकाऐवजी भरती-ओहोटीचे कोष्टक लावलेले दिसले. मला वाटले, आधी बसणाऱ्या कोणाला मासेमारीची आवड असेल. दोन दिवसांतच कळले की, आमच्या कामाचे वेळापत्रक तेच होते. कामगारांनी केव्हा यायचे, नाल्यात केव्हा उतरायचे, किती वाजता बाहेर पडायचे, हे सगळे चंद्र ठरवत होता आणि चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशीर करत होता.

मुंबईला ढाळ नाही, हे विधान ऐकायला अतिशयोक्त वाटते, कारण मलबार हिलही तिथेच आहे आणि घाटकोपर-विक्रोळीच्या टेकड्याही. पण शहराचा मधला भाग ज्या जमिनीवर उभा आहे ती जमीन मुळात जमीन नव्हती. सात बेटांच्या मधे भरतीला समुद्र शिरत असे आणि ओहोटीला चिखल उघडा पडत असे. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधले खिंडार अठराव्या शतकात बांध घालून बुजवण्यात आले. हॉर्नबी व्हेलार्ड या नावाने ओळखला जाणारा तो बांध १७८४ च्या सुमारास पूर्ण झाला आणि त्यामागची भायखळ्यापर्यंतची खाजणे हळूहळू भराव घालून वस्तीला मिळाली. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट माणसाने समुद्रावर मिळवलेल्या विजयाच्या थाटात सांगितलेली असते. ज्याला पाण्याचे काम करायचे आहे त्याने ती उलटी वाचावी. बांधाने समुद्राची आत येण्याची वाट बंद केली, तशीच पावसाची बाहेर जाण्याची वाटही बंद केली. तेव्हापासून आजपर्यंत त्या भिंतीला दारे ठेवणे, ती दारे वेळेवर उघडणे आणि वेळेवर लावणे हे त्या शहराचे न संपणारे काम होऊन बसले आहे. आज जिथे हमखास पाणी तुंबते त्या जागांवर जुना नकाशा ठेवून पाहिला, तर त्यांतल्या कित्येक जागा त्या जुन्या खाड्यांच्या आणि खाजणांच्या तळाशी निघतात. जमिनीला आपली पूर्वीची पातळी विसरता येत नाही, आणि भरावाची जमीन तर वर्षानुवर्षे थोडीथोडी बसतही राहते.

जिथे पावसाचा नाला समुद्राला मिळतो त्या जागेला तिथल्या कार्यालयीन भाषेत 'पातमुख' म्हणतात. मुंबईतली बहुतेक पातमुखे मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत आणि काही तर समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत. याचा अर्थ समजून घ्यायला फार गणित लागत नाही. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण बारा तास पंचवीस मिनिटे जातात. एखाद्या नाल्याचे तोंड बरोबर सरासरी पातळीवर असेल, तर त्या चक्रातला निम्मा वेळ समुद्र त्याच्या वर असतो. म्हणजे दिवसाचे बारा तास तो नाला बंद असतो आणि उरलेल्या बारा तासांत त्याला चोवीस तासांचे पाणी बाहेर टाकायचे असते. तोंड आणखी खाली असेल तर उघडा असण्याचा काळ आणखी कमी. नागपूरमध्ये नाल्याची क्षमता विचारली की रुंदी आणि खोली सांगितली जाते. मुंबईत त्याबरोबर तास सांगावे लागतात.

हे मला कोणा अभियंत्याने शिकवले नाही. आमच्या टोळीचा म्होरक्या पेण-अलिबागकडचा होता, सगळे त्यांना तांडेल म्हणत, आणि मीही तेच म्हणू लागलो. वयाने ते माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे होते, तरी मला 'साहेब' म्हणत. मी कितीदा नको म्हटले तरी त्यांनी ते सोडले नाही. भिंतीवरचे कोष्टक ते कधी बघत नसत. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती, हा त्यांच्याकडचा हिशेब. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी ती उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपासची लहान ती भांगाची. कोष्टकाशी ताडून पाहिले तर फार तर अर्ध्या-पाऊण तासाचा फरक निघे, आणि नाल्यात उतरण्याच्या बाबतीत तेवढे अंतर ते आधीच हाताशी ठेवत.

पातमुखावरची ओतीव लोखंडाची झडप मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा पाहिली, तेव्हा तिच्या रचनेबद्दल मी पुस्तकातले दोन शब्द ऐकवले. ते म्हणाले, "ही उघाडीच की, साहेब. आमच्या शेताच्या बांधाला असते तशी." रायगडच्या खारभूमीत समुद्राचे पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध असतात आणि त्या बांधात उघाडी नावाचे लाकडी दार असते. आतले पाणी चढले की दार बाहेरच्या अंगाला ढकलले जाऊन उघडते आणि भरतीचे पाणी चढले की तेच दार दाबले जाऊन बसते. त्याला ना माणूस लागतो ना वीज. बांधाला खांड गेली किंवा उघाडी नीट बसली नाही, तर एका उधाणात शेत खारवते आणि मग काही वर्षे त्यात भात होत नाही. शहरातली झडप हुबेहूब त्याच तत्त्वावर चालते, फक्त लाकडाच्या जागी लोखंड आणि शेताच्या जागी परळ-दादर. तांडेलांच्या गावात पावसाळ्याआधी बांधाची डागडुजी करायला घरटी माणूस जात असे. इथे ते काम आमच्या कंपनीच्या निविदेत एका ओळीत होते.

त्या एका ओळीचा अर्थ मला एका कोरड्या रात्री कळला. जुलैचा महिना होता, पण दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती. रात्री एकच्या सुमारास मध्य मुंबईतल्या एका गल्लीतून पाणी भरल्याचा निरोप आला. आम्ही पोहोचलो तेव्हा घोट्यापर्यंत पाणी होते, आकाशात चांदणे होते आणि गल्लीतली माणसे पिण्याच्या पाण्याची मोठी वाहिनी फुटली असे ठरवून तावातावाने बोलत होती. एक आजोबा मला पुन्हा पुन्हा विचारत होते की, पाऊस नाही तर पाणी आले कुठून. तांडेल काहीच बोलले नाहीत. त्यांनी बॅटरीचा झोत गटाराच्या जाळीवर धरला. जाळीपाशी बोटाएवढा एक निवटा उड्या मारत होता. खाडीच्या चिखलातला तो मासा परळच्या रस्त्यावर पाहिल्यावर वाहिनीचा प्रश्नच उरला नाही. पौर्णिमेचे उधाण होते आणि कुठेतरी झडप उघडी राहिली होती. सुकती, म्हणजे ओहोटी, लागेपर्यंत काही करता येण्यासारखे नव्हते. साडेतीनला पाणी उतरू लागले, पहाटे आम्ही पातमुखावर उतरलो, तेव्हा झडपेच्या खालच्या काठात एक गोधडी अडकलेली सापडली. कोणाच्या तरी घरातली, निळ्या-पांढऱ्या ठिगळांची, टाके अजून शाबूत असलेली. ती गाळाने इतकी जड झाली होती की, ओढायला चार माणसे लागली. झडप बसायला वीतभर जागा कमी पडली होती आणि त्या वीतभर फटीतून अरबी समुद्र गल्लीत आला होता. बिजागऱ्यांना ग्रीस घालून, काठ घासून, झडप हाताने दोनदा उघडझाप करून आम्ही वर आलो. कामाच्या वहीत मी 'अडथळा काढला' असे लिहिले.

ढाळ नसला की तो विकत घ्यावा लागतो, आणि पंप म्हणजे विकत घेतलेला ढाळ. पाणी उचलून समुद्राच्या पातळीच्या वर न्यायचे आणि मग पलीकडे सोडायचे. या व्यवहाराची किंमत कळावी म्हणून मी नव्या मुलांना टँकरचा हिशेब सांगत असे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते, म्हणजे नागपूरला उन्हाळ्यात वस्तीवस्तीत येतो तसा दहा हजारांचा एक मोठा टँकर. मुंबईचे जुने नाले तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्यासाठी आखलेले होते, तेही ओहोटी आहे आणि निम्मे पाणी जमिनीत मुरते असे धरून. जमीन फरशी-डांबराने झाकली गेल्यावर मुरण्याचे गृहीतक संपले. मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने तासाला ५० मिलिमीटर आणि सगळेच पाणी वाहून जाणार, हे माप सुचवले. म्हणजे हेक्टरमागे तासाला पन्नास टँकर. मुंबईच्या मोठ्या उदंचन, म्हणजे पाणी उपसणाऱ्या, केंद्रांतला एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी उचलतो. एवढा अजस्र पंप अखंड चालला तर त्या मापाने जेमतेम ४३ हेक्टरांचे पाणी त्याच्याने आवरते. शहराच्या नकाशावर ४३ हेक्टर दाखवायला बोटाचे टोकही मोठे पडते.

आणि पंप अखंड चालतो, हे वाक्य लिहायला सोपे आहे. नागपूरचा असल्यामुळे मला ते आधीच ठाऊक असायला हवे होते. आमच्याकडे प्रत्येक मूल पंप ओळखते ते कूलरमुळे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माळ्यावरून कूलर खाली येतो, नव्या जाळ्या लागतात, टाकीत पाणी भरले जाते आणि बटण दाबल्यावर पंखा फिरतो पण पाणी चढत नाही. मग आई पंपाचे बूड उघडायची, आतल्या चक्रीवर जमलेला क्षाराचा पांढरा थर जुन्या दात घासायच्या ब्रशने काढायची आणि पेन्सिलच्या टोकाने चक्री फिरवून पाहायची. आठ महिने न वापरलेला पंप वापरलेल्या पंपापेक्षा लवकर बिघडतो, हा धडा मला वयाच्या सातव्या वर्षी मिळालेला होता.

तरीही एका मे महिन्यात मी चूक केली. एका भुयारी रस्त्याच्या कोपऱ्यात तीन पंप बसवलेले होते आणि पावसाळ्याआधी प्रत्येक पंप अर्धा तास चालवून तसे लिहून द्यायचे होते. पहिले दोन चालवले. तिसऱ्याच्या वेळी खालच्या विहिरीत पुरेसे पाणी उरले नव्हते, कोरडा चालवला तर तो जळला असता, टँकर मागवावा तर संध्याकाळ होणार होती. पंप नवाच होता. मी तिन्हींपुढे सही केली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्या मोठ्या सरीला तिसरा पंप सुरू झाला नाही. चक्रीभोवतीचा गाळ उन्हाळ्यात वाळून विटेसारखा घट्ट झाला होता. रस्ता चार तास बंद राहिला. चौकशी झाली, कंपनीला दंड झाला आणि माझी सही असलेला कागद माझ्यासमोर ठेवण्यात आला. तांडेल मला काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून ते दर सोमवारी प्रत्येक पंपाचा शाफ्ट हाताने दोन वेढे फिरवून ठेवू लागले आणि माझ्याकडे न बघता वहीत तशी नोंद करू लागले.

खाऱ्या हवेबद्दलही थोडे लिहायला हवे, कारण पाणी दिसते तरी, हवा दिसत नाही. आमच्या नागपूरच्या घराच्या खिडक्यांच्या लोखंडी जाळ्यांना दहा-बारा वर्षांतून एकदा रंग दिला तरी भागते. वरळीच्या बाजूला बसवलेल्या विजेच्या पेटीचे स्क्रू दुसऱ्या पावसाळ्यात पेचकस लावताच डोके तुटून हातात येत. काँक्रीटच्या आतल्या सळईचे तसेच. मीठ काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत जाते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो आणि बाहेरचा थर आतून फुटून पडतो. भारतीय मानक ४५६ मध्ये यासाठी सळईवर किती जाड काँक्रीट ठेवायचे ते ठरवून दिलेले आहे आणि त्यातली एक बारीक गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटते. समुद्राच्या पाण्यात कायम बुडालेल्या काँक्रीटला ४५ मिलिमीटर, समुद्राचे तुषार झेलणाऱ्याला ५० आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात रोज भिजणाऱ्या-सुकणाऱ्याला ७५. म्हणजे पूर्ण बुडालेला भाग त्या मानाने सुखी असतो. गंजायला मीठ लागते तसा प्राणवायूही लागतो, आणि दिवसातून दोनदा दोन्ही मिळतात ते फक्त मधल्या पट्ट्याला. दारे, झडपा, पातमुखे, आमचे सगळे काम त्याच पट्ट्यात होते.

२६ जुलै २००५ विषयी इतके लिहिले गेले आहे की, मी थोडक्यात सांगतो. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरही झाला नाही. खरा जोर दुपारी अडीचच्या सुमारास सुरू झाला आणि त्याच दुपारी समुद्राला सुमारे साडेचार मीटरची भरती होती. टँकरच्या हिशेबाने हेक्टरमागे ९४४ टँकर, आणि दारे बंद. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांतून निघणारी मिठी नदी आपले अडवलेले आणि अरुंद केलेले पात्र सोडून पसरली. आमच्या ताब्यातला एकही पंप त्या दिवशी बिघडला नव्हता. त्यांना चालवणाऱ्या विजेच्या पेट्या जमिनीपासून दोन फुटांवर होत्या आणि पाणी चार फूट चढले. ज्या पाण्यासाठी पंप बसवले त्याच पाण्याची उंची पेटी बसवताना कोणी मोजली नव्हती, आणि त्या 'कोणी'मध्ये मीही होतो. नंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली, १९९३ पासून पडून असलेला अहवाल पुन्हा उघडला गेला, आणि पुढच्या वर्षांत हाजी अली, ईर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध अशी उदंचन केंद्रे उभी राहिली. दादर-परळकडच्या हिंदमातासारख्या बशीच्या आकाराच्या जागेसाठी तर शेजारच्या मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधल्या गेल्या, ज्यांत भरतीच्या वेळचे पाणी साठवून ठेवायचे आणि ओहोटी लागली की समुद्रात सोडायचे. ढाळ विकत मिळत नसेल तर वेळ विकत घ्यायचा, असा तो उपाय आहे आणि मला तो फार शहाणपणाचा वाटतो.

नागपूरला सुट्टीत आलो की नातेवाईक विचारत ते वांद्रे-वरळी सागरी सेतूबद्दल. ५.६ किलोमीटरचा तो पूल जून २००९ मध्ये खुला झाला, तेव्हा आमच्या घरी त्याचे फोटो छापलेले कॅलेंडर टांगले गेले. मी कुठे काम करतो ते सांगितले की बोलणे संपत असे. एकदा एका मावसभावाने 'म्हणजे गडरचंच काम ना?' असे विचारले. आमच्याकडे गटाराला गडर म्हणतात. मी हो म्हणालो.

समुद्र चढतो आहे, हे आता वर्तमानपत्रातही वाचायला मिळते, पण ते वाचणारा माणूस रस्त्यावर आलेली लाट डोळ्यांसमोर आणतो. मला दिसतात ते कमी झालेले तास. पातळी थोडी वाढली की झडप थोडी आधी बसते आणि थोडी उशिरा उघडते. वर्षभरात ती काही मिनिटेही नसतील. पण नाल्याला रोज मिळणाऱ्या उघड्या वेळातूनच ती कापली जातात, आणि तितके पाणी आणखी एखाद्या पंपाकडे, म्हणजे तांडेलांसारख्या कोणाच्या तरी सोमवारच्या दोन वेढ्यांकडे सोपवले जाते.

२०२१ मध्ये मी कायमचा नागपूरला परतलो, तेव्हा मनात एक सुप्त आनंद होता की, आता पाण्याची काळजी संपली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तो आनंद संपला. मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला आणि चारेक तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त झाला. आंबाझरी ओसंडली, नाग नदीने काठ सोडले, सीताबर्डीच्या बस स्थानकात उभ्या बस पाण्यात गेल्या, तलावाखालच्या वस्त्यांतून माणसांना नावेतून बाहेर काढावे लागले. आमच्या घरात पहाटे चारला आईच्या देवघराच्या पहिल्या पायरीपर्यंत पाणी होते. मी अंधारात उभा राहून सवयीने तिथी मोजू लागलो आणि मग आठवले की, इथे भरती नाही. ३१० मीटर उंचीवर समुद्राला दोष देता येत नव्हता. ढाळ होता, तो कुठेही गेला नव्हता; पाण्याची वाट मात्र ठिकठिकाणी चिंचोळी झाली होती. आमच्याच गल्लीत पूर्वीचा डांबरी रस्ता अंगणापेक्षा टीचभर खाली होता. त्यावर सिमेंटचा रस्ता आला तो आमच्या फाटकापेक्षा दीड वीत वर, आणि अंगणातून बाहेर जाणारी नाली आता रस्त्याकडून अंगणात येते. रस्ता झाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेढे वाटले होते. धूळ गेली म्हणून आईलाही समाधान वाटले होते. मी पस्तीस वर्षे पातळ्या मोजण्याचे काम केलेला माणूस, फाटकासमोर उभा राहून मीही तो पेढा खाल्ला.

पाणी ओसरल्यावर तांडेलांचा फोन आला. ते आता गावी असतात, ऐंशीच्या जवळ आहेत, बातम्यांत नागपुरातल्या होड्या पाहून त्यांनी नातवाकडून नंबर लावून घेतला होता. सगळे सुखरूप आहेत ना, ते आधी विचारले. मग म्हणाले, "साहेब, तुमच्याकडे दर्या नाही म्हणायचात ना?" मी काय सांगणार होतो. मग ते स्वतःच त्यांच्या बांधाबद्दल बोलू लागले. बांधावर आता घरटी माणूस जात नाही, मुले मुंबईला आहेत, उघाडीचे लाकूड कुजले आहे, यंदा उधाणात पाणी आत आले.

या वर्षी मेमध्ये मी बाबांचा तोच पितळी तांब्या घेऊन गच्चीवर गेलो. पन्नास वर्षांत गच्चीवर गळती थांबवण्यासाठी चार वेळा थर चढले, प्रत्येक वेळी जुना थर न खरवडता त्याच्यावर नवा. दक्षिणेच्या कोपऱ्यात पाणी ओतले. ते थोडे सरकले आणि गच्चीच्या मध्यावर येऊन पसरून थांबले, ताटात सांडल्यासारखे. पन्हळीचे तोंड त्याच्यापेक्षा बोटभर वर होते. गवंड्याला बोलावले. त्याने पाहिले आणि वरून अजून एक थर मारून देतो, स्वस्तात होईल, असे सांगितले. मी म्हणालो, आधी चारही थर उकरायचे. तो म्हणाला, मलबा खाली न्यायलाच दोन दिवस जातील, आणि सगळे सपाट केल्यावर ढाळ कुठे द्यायचा ते तुम्ही उभे राहून सांगा. सोमवारी येतो म्हणाला आहे.